प्रतिसाद: गळती कुठे होते?

‘शंभरातले पाच-सातच पूर्ण करतात, म्हणजे मोफत ऑनलाइन कोर्स फसले’ हे वर आलेलं मत मला पटत नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने इलेक्ट्रॉनिक सर्किट्सचा कोर्स सर्वांसाठी खुला केला, तेव्हा सुमारे १,५५,००० जणांनी नाव नोंदवलं. पहिल्या गृहपाठात निदान एक गुण मिळवणारे मात्र जेमतेम २६,००० होते. शेवटी प्रमाणपत्र मिळालं ७,१५७ जणांना. म्हणजे बहुतेक गळती अभ्यास सुरू होण्याआधीच झाली! फुकट नोंदणीत नुसतं डोकावणारेही येणारच. आणि सात हजार हा आकडा एका वर्गात कधी तरी मावला असता का?

मला खरी काळजी वेगळीच वाटते. सुरुवातीच्या पाहण्यांत या कोर्सना येणारे बहुतेक जण आधीच पदवीधर निघाले. ज्यांच्यासाठी दार उघडलं, त्यांच्यापर्यंत हे अजून पुरेसं पोचलेलंच नाही.