व्हॅनिलाच्या शेंगा चांगल्या कशा ओळखायच्या, आणि पावसाळ्यात ठेवायच्या कुठे?

मृण्मयी_चिपळूण
नमस्कार मंडळी, घरच्या घरी आइस्क्रीमच्या ऑर्डरी घेते, आता एसेन्स सोडून खऱ्या शेंगा वापरायचं ठरवलंय. ऑनलाइन एका ठिकाणाहून मागवल्या, काचेच्या नळीत छान दिसत होत्या पण इतक्या कडक की चिरायला घेतल्यावर मोडल्याच, आत बिया नावाला आणि वास जुन्या लाकडाचा. नंतर बहिणीने केरळात इडुक्कीकडच्या एका बागेतून आणून दिल्या, त्या मऊ आणि काळ्याभोर आहेत पण दोन-तीन शेंगांवर पांढरं काहीतरी आलंय. फेकायच्या का? किंमत बघून हात धजत नाही. आणि आमच्याकडे पावसात मिठालासुद्धा पाणी सुटतं, मग ह्या फ्रिजमध्ये ठेवू का?

ओव्हनवाली
फ्रिजमध्ये अज्जिबात नको! तिथे शेंग सुकते, आणि बाहेर काढली की थंड शेंगेवर दव धरतं, मग बुरशी आलीच समजा. काचेची घट्ट झाकणाची बाटली, शेंगा बटर पेपरात गुंडाळून, आणि गॅसपासून लांबच्या अंधाऱ्या कपाटात. तांदूळ किंवा सिलिका जेलच्या पुड्या घालू नका, त्या शेंगेतला ओलावाच ओढून घेतात.
घेताना शेंग बोटाभोवती गुंडाळून बघायची, न मोडता वळली पाहिजे, आणि हाताला किंचित तेलकट लागली पाहिजे. ऑनलाइन घेताना हे कसं करणार म्हणा, म्हणून निदान पॅकिंगची तारीख आणि लांबी विचारा. १४ सेंमीच्या वरची साधारण पहिल्या प्रतीची धरतात.

कुळागरवाला
फोंड्याजवळ आमच्या कुळागरात, म्हणजे बागायतीत, माडांच्या आणि पोफळीच्या सावलीत थोडे वेल आहेत, त्यावरून सांगतो. ताई, आधी ते पांढरं नीट बघा. उन्हात धरल्यावर बारीक सुयांसारखं चमकतंय की कापसासारखं मऊ, मळकट आहे? चमकत असेल तर ते व्हॅनिलिनचे, म्हणजे शेंगेला वास देणाऱ्या घटकाचे, स्फटिक, शेंगेतून बाहेर येऊन वर जमतात, उलट चांगलंच लक्षण. कापसासारखं असेल आणि कोंदट वास येत असेल तर बुरशी, ती शेंग फेकाच, पुसून वापरू नका, आणि बाकीच्या लगेच वेगळ्या करा.

बुरशी का येते तर क्युरिंगमधली, म्हणजे शेंग सुकवून मुरवण्यातली, घाई. हिरव्या शेंगेला वास जवळजवळ नसतोच. पिकली की ६०-६५ अंशाच्या पाण्यात काही मिनिटं बुडवतात, मग घोंगडीत गुंडाळून घाम काढायचा, रोज थोडं ऊन, परत गुंडाळायची, मग आठवडेच्या आठवडे सावलीत सुकवायची, आणि शेवटी काही महिने पेटीत मुरवायची. ह्या सगळ्यात वास तयार होतो. पाच-सहा किलो हिरव्या शेंगेची एक किलो तयार शेंग होते, म्हणून वजन टिकवायला काही लोक ओलीच विकतात. ग्राहकाला वाटतं वा काय रसरशीत आहे! खायच्या शेंगेत ३०-३५ टक्के ओलावा ठीक, त्याच्या वर गेली की पावसाळ्यात टिकत नाही. दाबल्यावर पचपचली तर घेऊ नका.
टोकाला किंचित उकललेली असेल तर नाक मुरडू नका, वेलावर पूर्ण पिकल्याची ती खूण, वास बहुतेक वेळा तिलाच जास्त. लोकांना मात्र सरळ, अखंड, फोटोत छान दिसणारी हवी असते.

मृण्मयी_चिपळूण
दादा, आत्ताच गॅलरीत नेऊन बघितलं, दोन चमकतायत! तिसरीवर मात्र कापूस आहे, तिला निरोप दिला.

टीकाकार_नं_१
एक विचारू का, केकमध्ये एवढ्या महागाच्या शेंगा कशाला? भाजल्यावर बराचसा नाजूक वास उडून जातो, तिथे एसेन्स चालतो. शेंग वापरायची ती आइस्क्रीम, कस्टर्ड, पन्नाकोटा अशा दुधाच्या पदार्थात, तिथे दूध-साय तो वास धरून ठेवते. आणि मादागास्करचंच पाहिजे हा हट्टही कळत नाही. जगातली बरीचशी व्हॅनिला तिकडूनच येते, म्हणून तिकडे वादळ झालं की सगळ्या जगाचे भाव चढतात. २००० सालच्या हुदा चक्रीवादळानंतर असाच भाव भडकला, आपल्याकडे कर्नाटक-केरळात धडाधड लागवडी झाल्या, आणि २००४-०५ मध्ये बाजार बसला तेव्हा लोकांनी वेल उपटून टाकले.

कुळागरवाला
उपटले ना, आमच्या शेजाऱ्यांनीच. फूल एकच दिवस उमलतं, सकाळी सकाळी काडीने परागकण लावून एकेक हाताने फळवायचं, तेवढी मजुरी कोण देणार! आमचे राहिले ते वडिलांच्या हौसेपायी.

ओव्हनवाली
मृण्मयी, त्या मोडलेल्या कडक शेंगा टाकू नकोस गं. कोमट दुधात तासभर भिजव, मऊ पडतात, मग चीर आणि त्याच दुधाचं कस्टर्ड कर. किंवा एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे दारूत मुरवलेला अर्क कर, त्याला कोरडीच शेंग बरी. निदान ३५ टक्के अल्कोहोल लागतं, साधी व्होडका चालते, लिटरला साधारण १०० ग्रॅम शेंगा हे प्रमाण. सहा महिने तरी मुरू दे.

मृण्मयी_चिपळूण
व्होडका सासूबाईंच्या कपाटात कुठे लपवू ते पण सांगा 😄

ओव्हनवाली
मग साखरच कर. बिया काढलेल्या शेंगा धुऊन, पंख्याखाली पूर्ण वाळवून साखरेच्या बरणीत खुपसायच्या, दोन-तीन आठवड्यांत साखर वासाची होते. ओली शेंग मात्र घालू नकोस, गठ्ठे होतात. आणि चांगल्या शेंगांची बाटली पावसाळ्यात पंधरा दिवसांनी उघडून दहा मिनिटं हवा दे, तेव्हाच एकेक शेंग बघून घे.