ट्रॅक्टर घेताना डीलरकडे नेमकं कुठे अडतं? (अनुभव धागा)

आपण ट्रॅक्टर दहा-पंधरा वर्षांतून एकदा घेतो, डीलर रोज विकतो. म्हणून नुसता राग नको. काय तपासायचं, कसं तपासायचं ते आकड्यांसकट लिहा.

*

डीलर सांगतो ती एचपी इंजिनाची. रोटाव्हेटर चालतो पीटीओच्या (अवजाराला ताकद देणारा ट्रॅक्टरचा मागचा फिरता शाफ्ट) एचपीवर, आणि ती साधारण १० ते १५ टक्के कमी भरते. म्हणजे ५० एचपीच्या ट्रॅक्टरला पीटीओवर ४३-४४ धरा आणि त्यावरूनच अवजार ठरवा. लिफ्टचंही तेच. उचल क्षमता खालच्या लिंकच्या (मागे अवजार जोडायचे खालचे दोन दांडे) टोकाशी मोजलीय की टोकापासून ६१० मिमी मागे, हे विचाराच. मागे मोजली की आकडा बराच उतरतो, आणि अवजाराचा भार मागेच असतो. विक्रेत्याला उत्तर येत नसेल तर छापील माहितीपत्रक मागा.

*

जुना ट्रॅक्टर बघायला गेलात आणि इंजिन आधीच गरम असेल, तर परत या. बॉनेटखाली हात लावून बघा, मगच चावी फिरवायला सांगा. थंड इंजिन सुरू होताना किती वेळ घेतं आणि धूर कुठला येतो, यात निम्मी परीक्षा होते. निळा धूर टिकून राहिला तर ऑइल जळतंय. चालू इंजिनावर ऑइल भरायचं झाकण सैल करा; आतून धापा टाकल्यासारखा धूर येत असेल तर रिंगा-लायनर झिजलेत. डिपस्टिकवरचं ऑइल दुधट दिसलं तर पाणी शिरलंय. मग जड अवजार उचलून इंजिन बंद करा. ते काही मिनिटांतच खाली बसलं, तर लिफ्टचे सील किंवा व्हॉल्व्ह गळतायत. पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर घेऊन चाक वर-खाली हलवा, म्हणजे किंगपिन (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती पिन) आणि बेअरिंगचा खेळ, म्हणजे ढिलेपणा, हाताला कळतो. तासांच्या मीटरवर विसंबू नका, तो बदलता येतो. क्लच-ब्रेक पेडलची झीज मात्र खरं बोलते.

*

टायरवर चार आकडे असतात: ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२वा आठवडा. नव्या ट्रॅक्टरचेही वाचा. यार्डात पडून राहिलेला माल असाच सापडतो.

*

सगळ्यात मनस्ताप तोंडी बोलण्याचा. टॉपलिंक, ड्रॉबार, हूक, पुढची वजनं, 'सगळं येतं' म्हणतात आणि डिलिव्हरीच्या दिवशी निम्मं वेगळ्या बिलात निघतं. कोटेशनवर प्रत्येक वस्तू वेगळ्या ओळीत लिहून घ्या. वॉरंटीचंही विचारा: बॅटरी, टायर, डिझेल पंप यांची जबाबदारी बरेचदा त्या त्या उत्पादकाकडे असते, आणि पहिली सर्व्हिस चुकली की पुढचे दावे अडतात.

*

अवजार जोडणीची मापं कॅटेगरीत असतात. खालच्या लिंकची पिन कॅटेगरी १ ला २२ मिमी, कॅटेगरी २ ला २८ मिमी. घरचं अवजार एकाचं आणि ट्रॅक्टर दुसऱ्याचा असेल तर बुश किंवा पिना बदलाव्या लागतात. पिना मोजून जा.

*

डेमो रिकाम्या रस्त्यावर घेऊ नका. आपलं अवजार, आपली जमीन, किमान तासभर. नाही म्हणाले तर दुसरीकडे बघा. आणि सही करण्याआधी क्लच प्लेट आणि फिल्टर आत्ता शेल्फवर आहेत का, ते दाखवायला सांगा.