काकड्याचं भजन रेकॉर्ड करायचंय, माइक कुठले घेऊ?

बार्शीचा_नातू
राम कृष्ण हरी मंडळी. आमच्या गावात कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत रोज पहाटे काकडा असतो. आजोबा पखवाज वाजवतात, वय ८१. गेल्या साली मोबाइलवर रेकॉर्ड केलं, तर नुसता टाळांचा खणखणाट. अभंग अर्धाच कळतो आणि पखवाजाचं डावं तोंड, ज्याला खर्जासाठी ओली कणीक लावतात, ते तर कुठं गेलं पत्ताच नाही. यंदा मित्राचा टास्कॅम डीआर-४०एक्स रेकॉर्डर महिनाभर हाताशी आहे. माइकसाठी आठ हजार बाजूला काढलेत. गावचा साउंडवाला म्हणतो, दोन शुअर एसएम५८ घे, दगडासारखे टिकतात. देऊळ दगडी, पुढं पत्र्याचा सभामंडप. चौदा-पंधरा टाळकरी दोन रांगांत, वीणेकरी मध्ये, आजोबा त्यांच्या उजव्या हाताला. काय घेऊ?

कानसेन
साउंडवाल्याचं टिकण्याबद्दल खरं आहे. पण एसएम५८ हा ओठांपाशी धरायचा माइक. आठ फुटांवर ठेवलात तर त्यातून इतका बारीक सिग्नल येतो की रेकॉर्डरचा गेन (येणारा सिग्नल वाढवायचं बटण) शेवटापर्यंत चढवावा लागतो, मग भजनामागं सतत पाऊस पडल्यासारखी खरखर. तुम्हाला हवेत कंडेन्सर (लांबचं बारीकही टिपणारे), लहान पडद्याचे, कार्डिऑइड (समोरचं जास्त ऐकणारे), आणि एकाच जातीचे दोन. बेहरिंगर सी-२ ची जोडी तुमच्या पैशांत बसावी. वरची पट्टी जरा टोचते. माइकवर सगळाच आवाज १० डेसिबल खाली आणायची कळ असते. टाळांसमोर ती दाबूनच ठेवा. दोन्ही माइक एकाच स्टँडवर, तोंडांमध्ये १७ सेंटिमीटर अंतर, दोघांमधला कोन ११० अंश. फ्रेंच रेडिओवाल्यांची ही जुनी मांडणी, ओआरटीएफ म्हणतात. हेडफोनवर ऐकताना डावीकडचा टाळकरी डावीकडंच उभा दिसतो.

आता खरी गोष्ट. तुमची तक्रार माइकची नाही, जागेची आहे. टाळ वाजतो छातीपाशी. मोबाइल तुम्ही कट्ट्यावर ठेवला असणार, म्हणजे टाळांच्या बरोबर समोर. स्टँड सात-साडेसात फूट उंच न्या आणि माइक खाली झुकवा. मग तोंडं जवळ, टाळ लांब. पखवाजाची बाजू स्टँडपासून चार-पाच फुटांवर येईल असं बघा, टाळकऱ्यांची रांग आठ-नऊ फुटांवर. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनं पडतो. मिक्सर नसताना तोल साधायचा तो असा, माणसं आणि स्टँड हलवून. आजोबांना जागा बदला म्हणू नका हं. स्टँड हलवा.

रेकॉर्डिंगची पातळी सुरुवातीच्या रूपाच्या अभंगावर लावू नका. शेवटच्या गजराला सगळे उड्या मारायला लागले की जो आवाज होतो, त्यावर लावा: काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास. तुमच्या टास्कॅममध्ये ड्युअल रेकॉर्डिंग आहे, तीच फाइल खालच्या पातळीवर दुसऱ्यांदा लिहिते. ते चालू ठेवा, फाटलं तरी एक प्रत वाचते. ऑटो लेव्हल (पातळी आपोआप वर-खाली करणारी सोय) बंद. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला एका फाइलला तासाला साधारण १ जीबी लागतो, दोन प्रतींना दुप्पट.

या माइकना ४८ व्होल्टची फँटम (रेकॉर्डरनं वायरीतून माइकला द्यायची वीज) लागते आणि ती चालू केली की तीन पेन्सिल सेल भराभर उतरतात. पॉवर बँक जोडा. मी आमच्याकडच्या सप्त्यात नवे सेल आहेत म्हणून निश्चिंत बसलो होतो, काल्याचं कीर्तन अर्ध्यावर गेलं. त्याच सप्त्यात स्टँड नेमका घंटेखाली लावला होता. येणारा प्रत्येक जण टोल देऊन आत. तेवढं बघा.

तंबोरा_जुळवा
कानसेनदादांचं बहुतेक पटलं, एका गोष्टीत वाद घालते. कार्डिऑइड लांब ठेवला की खर्ज पातळ होतो. आमच्या घरच्या बैठकीला मी ओम्नीची, म्हणजे चहूकडचं सारखं ऐकणाऱ्या माइकची, जोडी ४० सेंटिमीटरवर समांतर लावते. तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा आणि तंबोऱ्याची जवारी त्यात येते तशी कार्डिऑइडमध्ये येत नाही. पखवाजाला ओम्नीच हवा.

कानसेन
ताई, तुमच्या खोलीत गाद्या, पडदे, पंचवीस माणसं बसलेली. इथं वर पत्रा आणि मागं दगड. ओम्नी सगळीकडून ऐकतो, म्हणजे पत्राही ऐकणार. खर्जाचं मात्र तुमचं बरोबर, म्हणून तर पखवाज जवळ म्हटलं.

बार्शीचा_नातू
एक राहिलंच. देवळावर कर्णा आहे, तो पहाटे चालू असतो. आणि साउंडवाला म्हणतो मिक्सरमधून वायर देतो, माइकच नको.

वायरमन_पंढरपूर
माउली, मिक्सरच्या वायरीत फक्त चाल म्हणणाऱ्या माणसाचा माइक येतो. टाळकरी, पखवाज त्यात नुसते पाझरतात. वायर घ्यायचीच तर रेकॉर्डरचं इनपुट लाइनवर ठेवा, माइकवर राहिलं तर सगळं फाटणार. आणि ती तुमच्या माइकशी जुळवताना लक्षात ठेवा: आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, स्टँड तीन मीटरवर असेल तर माइकचा ट्रॅक ९ मिलिसेकंद मागं पडतो. तेवढा आधीच्या बाजूला सरकवा. कर्ण्याकडं माइकची पाठ करा, कार्डिऑइड पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकतो. एक दिवस कर्णा बंद ठेवा म्हणून पुजाऱ्याला विनवलं तर अजून बरं.

बार्शीचा_नातू
वैकुंठ चतुर्दशीला केलं. सी-२ ची जोडी, सात फूट उंचीवर, घंटेपासून लांब. कर्णा बंद झाला नाही, पण पाठ केल्यावर फार त्रास नाही. मधेच कुणीतरी स्टँडला उपरणं अडकवलं, तो एक अभंग गेला. बाकी बोल अन् बोल कळतो, डावंही आलंय.

दुपारी आजोबांना हेडफोन लावून दिले. डोळे मिटून दोन अभंग ऐकले. मला वाटलं भरून आलं असेल. हेडफोन काढून म्हणाले, "कणीक वाळली होती की रे. दुसऱ्या अभंगापासनं डावं चढलंय. कुणी सांगितलं कसं नाही?"

उद्या त्रिपुरी, शेवटचा काकडा. पहाटे कणीक मीच भिजवणार आहे, आणि स्टँड तिथंच लावणार.