सुक्कोतसाठी एत्रोग, लुलाव वगैरे घ्यायचंय, काय बघून घेऊ?

रेहोवोतवासी: मी मूळची सांगलीची, सध्या इस्रायलमध्ये रेहोवोतला असते. शेजारचे आजोबा बेने इस्रायली (कोकणातले ज्यू), अजून छान कोकणी वळणाचं मराठी बोलतात. गुडघ्यांमुळे त्यांना बाजारात जाणं होत नाही, म्हणून यंदा सुक्कोतचा संच, म्हणजे या ज्यू सणाच्या विधीत लागणाऱ्या चार वनस्पती, मी आणणार आहे. एत्रोग, म्हणजे आपलं महाळुंग, मला सगळी सारखीच दिसतात. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक! काय बघायचं?

अश्दोदकर: ताई, लोक भिंग लावून बसलेले दिसतील, बुजू नका. फळ हातात घेऊन सावकाश निरखा. देठाच्या विरुद्ध टोकाला बारीक बोंडी असते, ती पितम. ती मोडलेली असेल तर पहिल्या दिवशी फळ चालत नाही. झाडावरच गळली असेल तर चालतं. तिथे जुना, कोरडा खळगा दिसतो. टोकाजवळ काळा ठिपका नको. लिंबावर कलम केलेल्या झाडाचं तर मुळीच नको, पण ते नजरेला कळत नाही. रब्बींचं, म्हणजे ज्यू धर्मगुरूंचं, प्रमाणपत्र बघा.

लुलाव म्हणजे खजुराची न उलगडलेली झावळी. सरळ हवी, मधलं पान टोकाशी चिरलेलं नको. हदसच्या, म्हणजे मर्टल या सुवासिक झुडपाच्या, तीन डहाळ्या घ्या, प्रत्येक पेरावर तीन पानं एकाच उंचीवर फुटलेली. अशी डहाळी मिळाली की मला अजूनही फार आनंद होतो. अरवाच्या दोन.

आणि हे विसरू नका: पहिल्या दिवशी संच ज्याचा त्याच्या मालकीचा लागतो. आजोबांकडून पैसे घ्या किंवा भेट म्हणून देऊन टाका.

रानभूल: अरवा म्हणजे आपल्याकडे नदीकाठी येणाऱ्या वाळुंजाचा भाऊबंद. आणि महाळुंग तर कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे! सांगलीच्या माणसाला हे फळ परकं वाटूच नये.

रेहोवोतवासी: खरंच की! आजोबांना सांगते. अरवा सात दिवस टिकेल का?

अश्दोदकर: नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, तरी पानं काळी पडून झडतात. दोन-तीन जोड जास्तीच्या आणा. शिवाय सातव्या दिवशी, होशाना रब्बाला, जमिनीवर आपटायला पाच डहाळ्यांची वेगळी जुडी लागते. ती आधी घेऊन ठेवू नका, आदल्या दिवशी ताजी घ्या.