स्कारा ब्रे : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

ए-३०२, काकू : सर्वांना नमस्कार. मुलीकडे स्कॉटलंडला गेलो असताना ऑर्कनी बेटांवरचे स्कारा ब्रे हे सुमारे ५,००० वर्षांपूर्वीचे दगडी गाव आम्ही पाहिले. गिझाच्या पिरॅमिडांहूनही जुने असलेले हे गाव वाळूखाली गाडले गेले होते आणि १८५० साली मोठ्या वादळाने वरची माती-वाळू उधळून लावली तेव्हा पुन्हा उजेडात आले. घरांवर आता छप्पर नसल्यामुळे वरच्या वाटेवरून खाली पाहिले की सगळा संसार नजरेत येतो : मधोमध चूल, दोन्ही बाजूंना दगडी चौकटींच्या शेजा आणि दारासमोर दगडी फडताळ.

बी-१०४, ताई : काकू, सगळे सामान दगडाचेच का केले असेल?

काकू : ताई, त्या बेटांवर झाडे फार थोडी, उलट तिथला खडक थराथराने सुटतो आणि सपाट फरश्या आयत्या मिळतात. लाकडी सामान असते तर आज आपल्याला काहीच दिसले नसते. मला सर्वांत भावले ते दार. वाकल्याशिवाय आत शिरता येणार नाही इतके ते बुटके आहे आणि आतून अडसर घालण्यासाठी बाजूंना भोकेही ठेवलेली आहेत. घरे बोळांनी जोडलेली आहेत, भिंतींना बाहेरून जुन्या उकिरड्याची भर घातलेली आहे आणि खालून सांडपाण्याची गटारेसुद्धा काढलेली आहेत.

सी-४०१, काका : वाचून फार आनंद झाला. आपल्या कोल्हापुरातील ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन करून सातवाहनकालीन वस्ती उजेडात आणली, ती सुमारे २,००० वर्षांपूर्वीची. हे गाव त्याहून ३,००० वर्षे जुने! समुद्र इतका जवळ असताना ते टिकले कसे?

काकू : काका, थोडा भाग समुद्राने नेलाच. १९२४ च्या वादळात एका घराची हानी झाल्यावर संरक्षक भिंत बांधली गेली आणि त्यानंतर पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्ड यांनी तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. किनारा अजूनही झिजतो आहे, ही मनाला लागणारी गोष्ट आहे.

ताई : आम्ही जूनमध्ये तिकडे जाणार आहोत. घरांच्या आत जाता येते का?

काकू : मूळ घरांत उतरू देत नाहीत आणि ते योग्यच आहे. प्रवेशद्वाराजवळ तसेच एक घर नव्याने बांधले आहे, ते आधी आतून पाहा, म्हणजे मूळ घरे पाहताना काय कुठे आहे ते चटकन उमगेल. जून असला तरी वारा बोचतो; सासूबाईंसाठी कानटोपी न विसरता घ्या.