मालवणातलं आजोळचं घर पाडून लॉज बांधावं का?

शाहूपुरीकर
राहतो साताऱ्यात, आजोळ मालवणचं. घर जांभ्याचं, मंगलोरी कौलांचं, मागं विहीर आणि माडाची बाग. धाकटे मामा म्हणतात पाडू, तीन मजली लॉज उभं करू. थोरले मामा 'नको' एवढंच म्हणतात आणि पान लावत बसतात. आईचा हिस्सा आहे, त्यामुळं सही आमच्याकडनंही लागणार.

१९९७ ला सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला तेव्हा मी शाळेत होतो. मे महिन्यात रापण, म्हणजे किनाऱ्यावरनं ओढायचं मोठं जाळं, ओढायला आम्ही पोरं दोराला लटकायचो, वाट्याला चार मासे यायचे. आता तिथं स्कूबावाल्यांच्या छत्र्या, आणि किल्ल्याच्या धक्क्याकडं गाडी वळवायला जागा नसते. पण मामेभाऊ मुंबईची नोकरी सोडून गावी परतला तो ह्याच पैशावर. म्हणून नावं ठेवायला जीभ रेटत नाही. काय करावं?

घाटवाला
दादा, सही करायच्या आधी एकदा यवतेश्वरचा घाट चढून कासला जाऊन या. २०१२ ला पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं युनेस्कोच्या यादीत गेली, त्यात आपलं हे कासचं फुलांचं पठार. गर्दी एवढी झाली की दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा आणि ऑनलाइन बुकिंग आणावं लागलं. ते ठीकच झालं. पण मर्यादा पठारावर, रस्त्याकडंच्या हॉटेलांना कुठली? फुलं असतात काही आठवडे, खोल्या भरायच्या वर्षभर. मग लावा डीजे! वरच्याच तलावाचं पाणी सातारा पितो, आणि सांडपाणी कुठं सोडता विचारलं की मालक चहा मागवतात.

तुमच्याकडं पावसाळ्यात समुद्र बंद, बँकेचा हप्ता मात्र चालूच. हे गणित मामांनी मांडलंय का?

स्ट्रॉबेरीवाली
आमच्या भिलारला ४ मे २०१७ ला पुस्तकांचं गाव सुरू झालं ते लोकांच्या राहत्या घरांत. कुणाची ओसरी, कुणाची पुढची खोली, तिथंच कपाटं लागली. त्यासाठी कुणी घर पाडलं नाही, स्ट्रॉबेरीही कुणी सोडली नाही. लॉजएवढा पैसा त्यात नाही, हे आधीच सांगते.

दांडी किनारा
मी मालवणातलाच. किनाऱ्याच्या वाळूत गोड्या पाण्याचा थर खाऱ्यावर तरंगत असतो. पंप लावून जास्त उपसलं की खालचं खारं वर येतं, आणि ते शेजाऱ्याच्या विहिरीतही येतं. वीस खोल्यांची न्हाणीघरं, चादरी, वर शोषखड्डा विहिरीजवळच. तुमचे थोरले मामा बोलत नसतील, पण त्यांना हे ठाऊक असणार.

दुसरं, सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम. नगरपरिषदेच्या हद्दीत असाल तर घर आधीच्या रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामांच्या जमिनीकडच्या बाजूला आहे का ते नकाशावर बघा. हद्दीबाहेर असाल तर २०१९ च्या अधिसूचनेत स्थानिकांना आहे त्याच घरात, जोतं आणि दर्शनी भाग न बदलता, होमस्टेची मुभा आहे. आमच्याकडं पाहुणा पहाटे रापण बघायला उठतो, नंतर बांगडा-सोलकढी मागतो. गच्चीवरनं समुद्र दाखवणारी लॉजं काय, गोव्यात मिळतात.

शाहूपुरीकर
घर हद्दीत आहे, रस्त्याच्या आतल्या बाजूला. म्हणजे लॉज कागदावर बसेलही, विहिरीचं मात्र अवघड दिसतंय. मे अखेरीस पाणी तपासून घ्यायला मामेभावाला सांगितलंय. घर न पाडता पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्या तर धाकटे मामा दोन खोल्यांवर येतील असं वाटत नाही, चारवर येतील. निवास-न्याहारी योजनेत नोंदणीला काय कागद लागतात, ते कुणी टाकेल का? सातबारावर अजून आजोबांचंच नाव आहे.