‘मुस्टे’ म्हणा आणि मोकळे व्हा?

फळापुसणी: काल ‘सरळमार्गी’ यांनी लिहिलं की जर्मनच्या वर्गात मोडाल क्रियापदांचं (‘लागणं’, ‘शकणं’ अशा अर्थाची, जसं ‘म्युसन’) पर्फेक्ट, म्हणजे सहायक क्रियापद लावून होणारा भूतकाळ, शिकवणं म्हणजे वेळेची माती. ‘इश मुस्टे गेएन’ (मला जावं लागलं) म्हणा आणि मोकळे व्हा; त्याच अर्थाचं ‘इश हाबे गेएन म्युसन’ कुणी बोलत नाही म्हणे. कुणी म्हणजे कोण? उत्तरेकडचे हानोफरवाले नसतील बोलत. दक्षिणेकडे श्वाबेन, बायर्न, ऑस्ट्रियात बोलण्यातून प्रेटेरिटुम, म्हणजे ‘मुस्टे’सारखं एकशब्दी भूतकाळाचं रूप, बरंचसं उठलंय, स्विस बोलीत तर औषधालाही नाही. आणि आपल्या राज्यानं २०२४ मध्ये मनुष्यबळाचा करार केला तो कुणाशी? बाडेन-व्युर्टेंबर्गशी! श्वाबेन बरंचसं तिथलंच. पोरं श्वाबेनात पाठवायची आणि कान हानोफरचे द्यायचे?

सरळमार्गी: ताई, आधी पाणी प्या. मी ए२ची (दुसऱ्या पायरीची) बॅच घेतो, मला विचारा. पर्फेक्टमध्ये ‘म्युसन’ नुसतं असेल तर ‘गेमुस्ट’, सोबत दुसरं क्रियापद आलं की परत मूळ रूप (इन्फिनिटिव्ह) ‘म्युसन’च. एरवी ‘गेएन’ला (जाणं) ‘झाइन’ हे सहायक लागतं, इथं मात्र ‘हाबन’. आणि ‘वाइल’ (कारण) आलं की हाबे शेवटी जायचं सोडून दोन्ही इन्फिनिटिव्हच्या आधी घुसतं: ‘वाइल इश हाबे आर्बाइटन म्युसन’. महिनाभर मी ‘क्रियापद शेवटी, क्रियापद शेवटी’ करत घसा फोडायचा आणि मग हे वाढून ठेवायचं? शिवाय दक्षिणेतही ‘मुस्टे’, ‘कॉन्टे’ (शकलो) लोक वापरतात. तुम्हीच ‘बरंचसं’ म्हणालात.

उल्मकर: वापरतात, खरंय. पण इथं उल्मला, श्वाबेनात, माझा शेजारी ‘ई हान शाफा मिअसा’ म्हणतो, म्हणजे काम करावं लागलं. पहिले सहा महिने मला वाटायचं, तो शिंकतोय.

नाईटड्यूटी: माझी गोष्ट ऐका. वॉर्डमध्ये नवी होते. पहाटे सिनियर आली, रिकाम्या सलाइनकडे बोट करून म्हणाली, ‘डी इन्फुजिओन हेटन झी वेक्सल्न म्युसन.’ मला ‘वेक्सल्न’ (बदलणं) कळलं, ‘म्युसन’ (लागणं) कळलं. मी हसून म्हटलं, ‘या, माखे इश’, हो, करते. तिचा चेहरा पडला. ती म्हणत होती, ‘बदलायला हवी होती’ आणि मी तिला वर ‘करते’ सांगत होते! दोन इन्फिनिटिव्ह शेजारी आले की काय होतं, हे कुणी शिकवलंच नव्हतं.

सरळमार्गी: वाईट वाटलं, पण ते कॉन्युंक्टिव्ह (‘असं व्हायला हवं होतं’वालं रूप) आहे. विषय पर्फेक्टचा चाललाय.

नाईटड्यूटी: ‘हाबन’च्या जागी ‘हेटन’. बाकी सांगाडा तोच ना? तो तुमच्या वर्गात भेटलाच नाही, तर वॉर्डात कसा ओळखू येणार, सर?

चौथाबाक: खरं दुखणं वेगळंच आहे. हे सगळं इंग्रजीतून शिकवतात. मी ‘एअर हाट गेएन म्युसन’ला ‘ही मस्ट हॅव गॉन’ लिहून आलो होतो. ‘मस्ट हॅव’ म्हणजे ‘एअर मुस गेगांगन झाइन’, तो गेला असणार! मराठीत घोळच नाही: ‘त्याला जावं लागलं’ आणि ‘तो गेला असणार’. आपल्या भाषेतून शिकवलं असतं तर पाच मिनिटांचं काम.

लिंबूसरबत: आलं मराठी माध्यम! त्याच ‘मला जावं लागतं’मुळे आपली पोरं ‘इश मुस’ऐवजी ‘मिअर (मला) मुस’ म्हणतात, ते का नाही सांगत?

चौथाबाक: चूक कळली की सुधारते. इंग्रजीतून तर चूक झालीय हेच कळत नाही.

लिंबूसरबत: माझ्या वर्गात तमिळ मुलगी होती, मल्याळी दोघं होते. त्यांना ‘जावं लागलं’ कसं समजावणार होतात? तुमच्यासारख्यांमुळेच बाहेर मराठी माणसाची टर उडते.

चौथाबाक: तुमच्यासारख्यांमुळे मराठी माणूस घरातही इंग्रजी झाडतो. तमिळ मुलीला तिच्या भाषेतून समजावा की! मी नको म्हटलं का?

लिंबूसरबत: हो, एका वर्गात चार मास्तर ठेवा. फी तुम्ही भरा.

फळापुसणी: अहो, माझा धागा कुठं नेऊन ठेवलात! सलाइनवर या ना.

सरळमार्गी: येतो. मान्य, ओळखता आलं पाहिजे. बी१च्या (पुढच्या पायरीच्या) शेवटी एक तास देईन: दोन इन्फिनिटिव्ह, मोडाल शेवटी, ‘हेटे’ची चार वाक्यं. बोलायला मात्र ‘मुस्टे’च. आणि ‘वाइल’वालं मी शिकवणार नाही म्हणजे नाही.

फळापुसणी: एक तास! केवढं मोठं मन. आणि ‘डास हाबे इश निश्ट गेवोल्ट’? मुद्दाम केलं नाही हो, हे रोज लागतं, आपल्या लोकांना तर जास्तच.

सरळमार्गी: ते वाक्य पाठ करून घेतो. आत्ताच लागेलसं दिसतंय.

चौथाबाक: तो एक तास मराठीतून घ्या.

लिंबूसरबत: झालं परत सुरू.